तीन अक्षरांचं नाव

तिसऱ्या भांड्यावरही तेच नाव निघालं.

रत्नमालानं चिंचेचा हात पुन्हा एकदा फिरवला. काळ्या पडलेल्या तांब्याच्या पत्र्यावर ठिपक्या-ठिपक्यांची अक्षरं वर आली. सरिता. आधी घंगाळ, मग परात, आता ही कळशी.

"अहो, ही सरिता कोण हो?"

सुदर्शन टेम्पोतून जुनं जातं उतरवत होता. "कोण सरिता?"

"जिची भांडी तुम्ही वैजापूरकडून आणताय, ती."

"असंल कुणीतरी. लग्नात आलेली भांडी, आता विकायला काढली असतील."

"मग सगळी एकदम का देत नाही? दर गुरुवारी एकच?"

"मी भांडी बघतो रत्ना, बाया नाय," तो हसला आणि जात्याचा दगड उचलायला वाकला.

उस्मानपुऱ्यातलं त्यांचं दुकान छोटंच. खेड्यापाड्यांतल्या घरांतून निघालेल्या काथवटी, ताकाच्या रव्या, धान्याची लाकडी मापं, पितळी डबे, कंदील असं सगळं तिथं मांडलेलं. शहरातली माणसं हौसेनं नेऊन फ्लॅटमध्ये ठेवत. दर्शनी बाजूला एक सागवानी पाळणा टांगलेला होता, त्यात त्यांची आठ महिन्यांची लेक झोपायची. पाळण्याला किमतीची चिठ्ठी. "हिच्यासकट का?" असं गिऱ्हाईक हमखास विचारायचं आणि रत्नमाला दर वेळी नव्यानं हसायची.

हल्ली तिला हसू येत नव्हतं.

सरिता तिच्या मनात हळूहळू उभी राहिली होती. उंच, सावळी, कोपरापर्यंत बांगड्या. दारात येऊन एकच भांडं पुढं करणारी, चहा टाकू का म्हणून विचारणारी. बाळंतपणापासून रत्नमालाचे केस मूठमूठ गळत होते. सरितेचा शेपटा मात्र कमरेपर्यंत. लेकीला पाजायला घ्यावं तर ही बया समोर येऊन बसायची. एकदा तर रत्नमालानं राख घेऊन त्या 'स'वर इतकं घासलं, की तिच्याच बोटाची साल निघाली. 'स' होता तसाच राहिला.

आणि ती भांडी पटापट विकलीही जायची. त्याचाही तिला राग यायचा.

पुढच्या गुरुवारी दुपारी समोरचा चहावाला पुंजाराम सहज बोलून गेला, "वहिनी, भाऊ लई लवकर आले आज. टेम्पो गुलमंडीत दिसला, तुमच्या गोदामापाशी."

गुरुवारी सुदर्शन घरी यायचा संध्याकाळी सहाला. आत्ता एक वाजला होता.

रत्नमालानं दुकानाचं शटर ओढलं, लेकीला कडेवर घेतलं आणि रिक्षात बसली. रस्ताभर ती मनाशी वाक्यं जुळवत होती. त्याला काय म्हणायचं, तिला काय म्हणायचं. तिला म्हणायची जास्त होती.

गोदामाचं दार नुसतं लोटलेलं होतं. आतून टुक टुक आवाज येत होता. तिनं दार ढकललं.

सुदर्शन एकटाच पोत्यावर बसला होता. मांडीत पितळी डबा, एका हातात छिन्नी, दुसऱ्या हातात इवलीशी हातोडी. डब्यावर 'सरि' एवढं झालं होतं.

लेकीनं डबा बघून हात पुढं केले.

"आता सांगूनच टाकतो," तो खाली बघत म्हणाला. "बिननावाच्या भांड्याला गिऱ्हाईक हात लावत नाय. त्यांना कुणाच्या तरी घरातलं पाहिजे असतं. नाव दिसलं की कसं, जीव येतो भांड्यात. म्हणून मीच कोरतो, वरून काजळी फासतो. डबडी खोटी नायत गं, गावाकडचीच हायेत. नाव तेवढं माझं."

"म्हणजे सरिता नाहीच?"

"नाय."

"मग हेच नाव का?"

"तीन अक्षरं हायेत. सरळ. चटकन होतात."

रत्नमाला मटकन खाली बसली आणि इतकी हसली, की डोळ्यांतून पाणी आलं. फसवाफसवीबद्दल बोलायला हवं होतं, ते ती नंतर बोलणार होती. आत्ता तिला कडेवरच्या लेकीचं वजनसुद्धा जाणवत नव्हतं.

"माझं कोरा," ती म्हणाली.

"अगं, जोडाक्षर हाय तुझ्यात. छिन्नी अडकती."

"अडकू दे. सहा वर्षं झाली लग्नाला, अजून अडकते होय? यापुढं माझंच नाव. सरिता बंद."

त्यानं नवी कळशी घेतली. अख्खी दुपार गेली. 'त्न' जरा वाकडाच आला, पण तिला तोच आवडला.

सोमवारी तिनं कळशी दुकानात अगदी पुढं मांडली. सुदर्शन गावाकडं गेला होता, लेक पाळण्यात झोपली होती. दुपारी एक बाई आली. तिच्याच वयाची, साधी, बुटकी, खांद्याला कापडी पिशवी. पाळण्यातल्या लेकीकडं तिनं बराच वेळ पाहिलं. चिठ्ठीबद्दल काही विचारलं नाही.

"नावाची भांडी असतात ना तुमच्याकडं?"

"असतात की. ही बघा." रत्नमालाला गंमत वाटली. तिनं नवऱ्याचीच ऐट आणली. "मोठ्या घरातली आहे हो. लग्नातली कळशी त्या बाईंची."

बाईनं अक्षरांवरून बोट फिरवलं. मग बोट तिथंच ठेवून विचारलं, "सरिता नावाचं नाय एखादं?"

"संपली सगळी. आता हेच नाव येत जाईल."

"हेच?"

"हेच. का हो, तेच पाहिजे होतं का?"

बाईनं कळशी जपून खाली ठेवली. पदरानं बोट पुसलं.

"माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाचं नाव कोरणार नाय," ती म्हणाली, "असं म्हणला होता तो."