गल्लीच्या टोकाचं बाकडं

गल्लीच्या टोकाचं बाकडं म्हणजे रिकामटेकड्यांचा अड्डा, असं पालिकेत जाऊन तिनेच ठणकावलं होतं. आज पालिकेची माणसं ते उखडायला आली, तेव्हा खास रजा टाकून ती तोऱ्यात बघत उभी राहिली. “ताई, ही कुणाची?” एका कामगाराने उखडलेल्या बाकड्याखाली खोचलेली छोटी गादी पुढे केली. गादीची खोळ तिच्याच जुन्या पडद्याची होती, वेड्यावाकड्या टाक्यांनी हाताने शिवलेली. ती कामाला गेली की सासरे रोज फिरायला निघायचे. ‘तळ्याला फेरी मारून आलो,’ असं रात्री जेवताना ऐटीत सांगायचे. त्यांची धाव कुठवर होती, ते तिला आत्ता कळलं. तेवढ्यात काठी टेकत तेच आले. तिने गादी पाठीमागे लपवली. रिकाम्या जागेकडे त्यांनी एकदा पाहिलं. “बरं झालं, सूनबाई. रिकामटेकडेच बसायचे तिथे,” म्हणाले आणि उभ्याउभ्याच दम खाऊन घराकडे वळले.