अत्यावश्यक

"नाना, होय असेल तर वर बघा," हितेंद्र पुन्हा म्हणाला.

त्याच्या वडिलांची, तोताराम नानांची, बुबुळं हलली. वर की बाजूला, ते त्याला कळेना. आईला, शेवंताबाईंना, मात्र ती वर गेलेली दिसली. "व्हय म्हणू राह्यले ते. बसवा नळी," त्यांनी डॉक्टरांना सांगितलं. नानांची श्वास घ्यायची ताकद संपत आली होती. गळ्यात नळी बसवायची तर आजच बसवायला हवी होती.

आजारानं नानांचं अंग केव्हाच लुळं पडलं होतं. त्यांची नजर टिपून अक्षरं उमटवणारा छोटा संगणक हीच त्यांची वाचा. तो हितेंद्रनंच जुळवला होता. डॉक्टर येतील तेव्हा नानांना झटपट उत्तर देता यावं, म्हणून सकाळी त्यानं त्यातला पसारा काढायला घेतला. त्या भरात शेलही काढला. शेल म्हणजे टाइप केलेले हुकूम संगणकाला पोचवणारा प्रोग्राम. ‘हा अत्यावश्यक आहे’ असा इशारा आला होता. इथे हुकूम टाइप करतंय कोण, म्हणत त्यानं तो धुडकावला. पण नजर टिपणारा प्रोग्रामही त्या शेलच्याच हातून सुरू व्हायचा. संगणक बंद करून लावला, तो मुकाच उठला.

"मीच त्यांचं तोंड दाबलं," हितेंद्र पुटपुटला.

डॉक्टर ॲम्ब्युलन्सला फोन करायला बाहेर ओट्यावर गेले. हितेंद्रनं पेनड्राइव्हवरून संगणक उघडला आणि शेल परत जागेवर ठेवायला लागला. एक चूक निस्तरावी तर दुसरी व्हायची. कधी देवळात न जाणारा तो, त्यानं मनातल्या मनात नवस बोलून टाकला. स्क्रीन काळीच राहिली. मग उजळली.

नानांची नजर तिच्यावर स्थिरावली. एकेक अक्षर उमटत गेलं.

‘नळी नको. घरीच राहू दे.’

शेवंताबाईंनी ते वाचलं. लेकाचं मनगट धरून त्या हळूच म्हणाल्या, "डॉक्टरनं पाह्यलं नही अजून. सकाळी काढलं व्हतं ते परत काढून टाक, भाऊ."

काढायला क्षणही लागला नसता. त्यालाही नाना हवे होते. नाना आता स्क्रीन सोडून त्याच्याकडे बघत होते.

हितेंद्रनं आईचा हात सोडवला आणि डॉक्टरांना आत हाक मारली.