तेजलचा निबंध वाचताना

लोणावळ्याच्या कार्यशाळेत प्रितमची पाळी चहाच्या अगदी आधी आली, सगळ्यांचं लक्ष किटलीकडे लागलेलं असताना. प्रत्येकाने आपल्या एका विद्यार्थ्याचं लेखन वाचायचं आणि त्यात काय साधलंय तेवढंच सांगायचं, चुका काढायच्या नाहीत, असं पुण्याहून आलेल्या चंद्रिका मॅडमनी सकाळीच बजावलं होतं. पण लेखन शिकवणारे प्राध्यापक एकत्र जमले आणि त्यांनी चुका काढल्या नाहीत, असं कधी झालंय? गोपाळकृष्ण सरांनी कुठल्याशा पोराचा रजेचा अर्ज वाचून हशा पिकवला, आणि मग जो तो हसवायलाच उठू लागला.

प्रितमने तेजलचा निबंध आणला होता. मावळातल्या टाकवे बुद्रुकची मुलगी. वर्गात तोंड उघडायची नाही, पण लिहिलं होतं असं की त्याने ते लागोपाठ तीनदा वाचलं होतं. कार्यशाळेत वाचून दाखवतो, असं त्याने तिला सांगितलंही होतं. ती लाजून पळाली होती.

तो उभा राहिला. समोर हसायला टपलेले चेहरे. आपण मन लावून वाचायचं आणि यांनी भलत्याच जागी हसायचं, या विचारानेच त्याला धास्ती वाटली. मग त्याने आपणच हेल काढला. एक हात कमरेवर ठेवून, मान डोलावत वाचलं.

"म्हस व्याया झाली की आजी गोठ्यातच निजती. तिच्या पाठीव हात फिरवती अन् म्हंती, भिऊ नकु बाय, मी बी ह्यातनं गेलीया."

हसण्याने हॉल दणाणला. गोपाळकृष्ण सर डोळे पुसत म्हणाले, "अहो, पुन्हा! ते 'बाय' पुन्हा म्हणा!"

प्रितमने पुन्हा म्हटलं. आधीपेक्षा जोरात.

एकट्या चंद्रिका मॅडम हसल्या नाहीत. "हेल अगदी हुबेहूब काढलात," त्या म्हणाल्या. "तुम्ही मूळचे कुठले?"

"तळेगावचा."

तळेगावात त्याचा फ्लॅट होता. खोटं कुठे बोललो, असं त्याने स्वतःला बजावलं, पण कान तापायचे ते तापलेच. निबंधात काय साधलंय, ते सांगायचं राहूनच गेलं. चहा आला होता.

टेबलापाशी रुचिरने, शेजारच्या कॉलेजातल्या तरुण प्राध्यापकाने, त्याच्या पाठीवर थाप मारली. "काय ॲक्टिंग करता राव तुम्ही!" तेवढ्यात प्रितमचा फोन वाजला. गावाहून, बेडशाहून, वडील. उचलला नाही तर आबा उचलेपर्यंत लावत राहतात, हे त्याला ठाऊक होतं. त्याने उचलला.

"जयभीम, बाळा. सुटला का?"

रुचिर अगदी खांद्याला खांदा लावून उभा होता. प्रितमच्या तोंडून आपसूक वर्गात शिकवतानाचा शुद्ध आवाज निघाला. "हां, नमस्कार. बोला ना."

पलीकडून आबा बोलले ते वेगळ्याच सुरात. तलाठ्याच्या टेबलासमोर उभं राहिलं की त्यांचा असा आवाज निघायचा.

"नमस्कार साहेब. मला वाटलं, प्रितमच हाय. म्या निवृत्ती, त्याचा बाप. पोरगं हाय का तितं?"

'आबा' एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. दोन अक्षरं. पण आजूबाजूचे सगळे कप हातात घेऊन अजून त्याच्याचकडे बघत होते, कौतुकाने हसत होते. लाजेने त्याला मान वर करवेना.

"ते आत आहेत," तो म्हणाला.

"बरं, बरं. आला की तेवढं इचारा साहेब त्याला. त्याची आई भाकरीचं पीठ घिऊन बसलीया. घरी येतोय का न्हाई, म्हनावं."