चटईवरची पावलं

विजेच्या तारा ओढणाऱ्या बाबलीला रीत म्हणून ठाऊक नव्हती. शेवंतीकाकीला न विचारता त्याने तिच्या अंगणात, खांबापाशी, तारेचं काम करताना उभं राहायला तांब्याच्या तारेने विणलेली चटई अंथरली, अर्थिंग जोडलं आणि वर तिलाच बजावलं, "काकी, हिच्यावर उभो रवलेलो माणूस मदीच मातीत पाय टाकीत नाय. टाकलो तर करंट लागता."

काम अर्धवट टाकून बाबली आणि त्याची माणसं गेली. चटई राहिली.

दुसऱ्या सकाळी ती दवाने भिजली होती. फक्त दोन पावलांएवढी जागा कोरडी होती, बोटं घराकडे वळलेली. तिसऱ्या सकाळीही तसंच.

मुलगा मस्कतला गेल्यापासून, काकीच्या जिभेला भिऊन, त्या घरी चहाला कोणी थांबत नसे. काकी रोज दारातून त्या पावलांकडे बघत राही. सातव्या सकाळी तिने हाक मारली, "आता किती उभो रवतलस? ये घरात."

आठव्या सकाळी बाबली चटई न्यायला आला. ती या कडेपासून त्या कडेपर्यंत ओली होती. सोप्यावर दोन कप होते, दोन्ही पिऊन रिकामे.

"कोण इलो हा, काकी?"

"तुझ्यापेक्षा बरो आसा तो," काकी म्हणाली. "बोलावल्याशिवाय आत येवक नाय. ने तुझी चटई. त्याका ती आता नको."