भरल्या हवेचा क्लेम

"मामा, एकतर हवा सोडा, न्हाईतर खाली उतरा," कंडक्टर म्हणाला.

म्हस्कूनं दोन्हीतलं काहीच केलं नाही. मांडीवरचं सायकलचं चाक त्यानं छातीशी धरलं आणि हवेच्या वॉलवर अंगठा दाबून ठेवला. टायरला एका जागी फुगा आला होता. अंबडच्या स्टँडवर गाडीत चढला तेव्हा तो लिंबाएवढा होता. वर तापलेला पत्रा, खाली इंजिन, त्यात रस्त्याला खड्डे. निम्म्या वाटेत लिंबाचा पेरू झाला.

गाडी गच्च भरलेली, पण म्हस्कूशेजारी कोणी बसेना. तिघांच्या सीटवर तो आणि चाक. समोरच्या बाकावरच्या गोजरबाई नातवाला घेऊन आधी दोन सीट पुढं सरकल्या, मग तिथूनही उठल्या आणि दांडी धरून उभ्या राहिल्या. पाय दुखले तर दुखू दे, डोळे शाबूत राहतील, असं त्यांचं म्हणणं. मागून एकजण सांगायला लागला, की असाच टायर फुटून त्याच्या मेव्हण्याचा कान गेला. तो टायर ट्रॅक्टरचा होता, हे त्यानं नंतर सांगितलं. तोवर अर्धी गाडी पुढं लोटली होती.

"आन् हे फुटलं तर जबाबदारी कुणाची?" कंडक्टरनं विचारलं.

"कंपनीची," म्हस्कू म्हणाला. "त्याच्यासाठीच तर जाऊन राह्यलो."

हवा सोडणं त्याला शक्यच नव्हतं. गेल्या मंगळवारी तो हाच टायर घडी करून पिशवीत घालून जालन्याला गेला होता. तिथं सायकलच्या मोठ्या दुकानात दर मंगळवारी कंपनीचे हरिओम साहेब क्लेम बघायला बसतात. साहेबांनी टायर वाकवला, फिरवला, नाकाला लावून बघितला आणि विचारलं, फुगा कुठंय? हवा काढल्यावर फुगा बसतो, हे म्हस्कूनं सांगून पाहिलं. साहेब म्हणाले, बसलेल्या फुग्याचा क्लेम होत नसतो. क्लेमचा टायर मला स्वतः संभाजीनगरच्या ऑफिसात नेऊन दाखवावा लागतो. तिथं वरच्या साहेबाला फुगा दिसला नाही, तर नव्या टायरचा खर्च माझ्या पगारातून कापतात.

मग इथंच हवा भरून बघा, म्हस्कू म्हणाला. दुकानात पंप होता, समोरच होता. साहेबांनी मान हलवली. इथल्या पंपानं भरली तर फुगा इथं आला असं होईल. ज्या पंपानं फुगा आला त्याच पंपाची हवा पाहिजे. गावाकडूनच फुगा घेऊन या.

आज पुन्हा मंगळवार, आणि बिलावरचे गॅरंटीचे सहा महिने आज संपत होते. परवापासून त्याच्या लेकीचे, शिवकन्येचे दहावीचे पेपर. सेंटर आठ किलोमीटरवर, सकाळी गाडी नाही, आणि पोरीची सायकल घरात एका चाकावर उभी. गावातल्या कचरू मिस्त्रीनं टायर भंगारातल्या जुन्या चाकावर चढवला आणि आपल्याच पंपानं हवा भरली. चाक परत न्हाई आलं तरी चालंल, म्हणाला, पण फुगा जपून न्या. फुटला तरी गेलं, उतरला तरी गेलं.

त्यामुळं खड्डा आला की म्हस्कू सीटवरून अर्धा उठायचा आणि धक्का स्वतःच्या गुडघ्यांवर घ्यायचा. लेकीला पहिल्यांदा दवाखान्यातून घरी आणलं तेव्हाही त्यानं एवढी काळजी घेतली नव्हती. जालन्याचं स्टँड आलं तेव्हा त्याच्या सदऱ्याला पाठीवर कोरडी जागा उरली नव्हती. तो उतरला तसा सगळ्या गाडीनं श्वास सोडला.

दुकानात त्यानं चाक साहेबांच्या टेबलावर ठेवलं. पेरूचं आता कवठ झालं होतं. साहेबांनी खुर्ची मागं ओढली. लांबूनच बघून ते म्हणाले, फुगा आहे, मान्य. पण इतका फुगून, अंबडहून इथवर येऊन जो टायर फुटला नाही, त्याला खराब कसं म्हणायचं? माल मजबूत आहे.

म्हस्कूनं बोलायला तोंड उघडलं.

त्याच्याआधी टायरच बोलला. आतून बारीक कुरकुरला. थांबला. पुन्हा कुरकुरला, या वेळी जरा जास्त.

साहेबांनी फॉर्म ओढला. सही केली, शिक्का मारला, मग राहिलेली माहिती भरली. नवा टायर म्हस्कूच्या गळ्यात आला, तो हाराच्या जागीच. जुना टायर नियमाप्रमाणं जमा झाला.

"आता जल्दी हवा सोडा याची," साहेब भिंतीला टेकून म्हणाले.

म्हस्कूनं वॉलच्या टोपणाला हात घातला आणि थांबला. एवढं सगळं होऊन क्लेम वरून परत आला तर?

"सोडतो की. पण साहेब, संभाजीनगरला मंग फुगा दिसंल का?"

साहेबांनी फुग्याकडं बघितलं. मग त्यांना स्वतःचा पगार आठवला असावा.

"राहू द्या," ते म्हणाले.

दुपारी म्हस्कू अंबडच्या गाडीत बसला. गळ्यात नवा टायर, दोन्ही बाजूंना माणसं, पाय ठेवायला जागा नाही. सहज त्यानं खिडकीतून बघितलं. शेजारी संभाजीनगरची गाडी लागली होती, तीही गच्च भरलेली. दारापर्यंत लोक लटकले होते.

खिडकीजवळच्या तिघांच्या सीटवर मात्र हरिओम साहेब एकटेच बसले होते. त्यांचा अंगठा वॉलवर होता, आणि कंडक्टर त्यांच्याकडं यायला निघाला होता.