डॉनाकडचा टोबी

पाळणाघरांच्या तपासणीसबाईंनी चहाला नको म्हटलं, तेव्हाच प्रकरण साधं नाही हे केरीने ओळखलं. इंग्लंडातल्या या ग्रिम्सबी गावात चहा नाकारतं ते वाईट बातमी घेऊन आलेलं माणूसच.

"म्हणजे कुणीतरी तक्रार केलीय?" डॉनाने विचारलं. सकाळची पाळी संपवून ती आत्ताच घरी आली होती, अंगातला बसचालकाचा कोटही उतरवला नव्हता. दोघी मैत्रिणी एकच बस वाटून चालवायच्या. सकाळी डॉना बसवर असली की केरी इथे, डॉनाच्याच घरी, दोन्ही पोरं सांभाळायची. दुपारी केरी बसवर आणि पोरं डॉनाकडे. डॉनाची मेगन चार वर्षांची, केरीचा टोबी अडीच.

"कुणी केली ते सांगता येत नाही," तपासणीसबाई, मिसेस हॉल्डन, म्हणाल्या.

केरीने मान खाली घातली. मागे एकदा केस कापून घेताना तिचं तोंड सुटलं होतं. पार्लरभर ऐकू जाईल अशा आवाजात डॉना टोबीला किती छान सांभाळते याचं तिने कौतुक केलं होतं. डॉना आपल्यासाठी जितकं करते, तितकं केरीला तिच्यासमोर अपराधी वाटायचं. आज तर मान वर करवत नव्हती.

"पण मी एक पेनी घेत नाही हो तिच्याकडून!" डॉना म्हणाली.

"त्या तुमच्या मुलीला सांभाळतात ना? कायदा त्यालाच मोबदला म्हणतो. मेगन स्वतःच्या घरात असते, तिचा प्रश्न नाही. टोबी मात्र परक्या घरी येतो. त्यासाठी तुम्हाला नोंदणी करावी लागेल, प्रशिक्षण घ्यावं लागेल. तोवर हे बंद. नाहीतर खटला होईल."

"तोवर म्हणजे?"

"चार-सहा महिने."

"मग आम्हीच येतो बाई तुझ्याकडे," डॉना केरीला म्हणाली. "त्या तुझ्या खोलीत श्वास पाळीपाळीने घेऊ."

"घरमालक माझ्या एकट्या टोबीवरच कुरकुरतोय. दोन पोरं बघितली तर बाहेर काढेल." केरीचा आवाज चिरकला. "आणि डेपोवाले सहा महिने थांबतील होय? दुसरी बघतील. पाळणाघर मला परवडत नाही. नोकरी गेली की खोलीही गेली."

मिसेस हॉल्डन अवघडल्या. कुठेतरी बघायचं म्हणून त्यांनी भिंतीवरच्या लग्नाच्या फोटोकडे बघितलं. "हे काय, नवरदेव रडतायत?"

"शिंकतोय मेला!" डॉना हसली. "चर्चच्या पायरीवर आला आणि ऊन तोंडावर पडलं. क्रेगचं तसंच आहे, उजेडात आला की शिंका सुरू. त्याच्या आईचंही तेच, आमच्या मेगनचंही तेच. नशीब, या गावात ऊन पडत नाही, म्हणून संसार टिकलाय."

"आता कुठे असतात?"

"समुद्रात, तेलाच्या विहिरीवर. पंधरा दिवस तिकडे, पंधरा दिवस माझ्या डोक्यावर."

मिसेस हॉल्डनना हसू आलं, पण लगेच त्यांनी चेहरा सरळ केला. "मलाही हे आवडत नाही हो. नुसतं नातं असतं ना, तरी मी आल्या पावली परत गेले असते. आजी, आत्या, मावशी, सावत्र आई, यातलं काहीही चाललं असतं."

"नाही," केरी म्हणाली. जरा घाईनेच म्हणाली. "आमचं काही नातं नाही."

"मुलाच्या वडिलांकडून कुणी?"

"तो कॅनडात गेला. त्याचा पत्ताही नाही माझ्याकडे."

डॉनाने कोट काढला, खुर्चीवर टाकला आणि फोटो उगाचच सरळ केला.

केरी उठली. बसची वेळ झाली होती. "मी आजच डेपोत सांगून टाकते. डॉना, मला माफ कर."

"कशाबद्दल गं?"

"पार्लरमध्ये मीच बडबडले. माझ्यामुळेच झालं हे सगळं."

डॉनाने तिच्याकडे नीट बघितलं. "एवढंच?"

केरीने नजर दाराकडे वळवली. "हो," ती म्हणाली. "एवढंच."

मागचं दार उघडं होतं. सकाळपासून दाटलेले ढग तेवढ्यात फाटले आणि अंगणात लख्ख ऊन पडलं. कोपऱ्यात खेळत बसलेला टोबी हातातली गाडी टाकून बाहेर धावला. पायरीवर थांबून त्याने तोंड वर केलं आणि शिंकला. पुन्हा शिंकला. मग तिसऱ्यांदा.

डॉनाने बाहीतला रुमाल आधीच काढला होता. तिने जाऊन त्याचं नाक पुसलं, त्याला कडेवर घेतलं आणि आत आली.

"मिसेस हॉल्डन, ते नात्याचं सांगायचं राहिलं," ती केरीकडे न बघता म्हणाली. "मी याची सावत्र आई."