दारातला बांध

जपानमधल्या आओमोरीतल्या डोंगरगावात नारुमी बांधकाम खात्याचं बर्फ हटवायचं यंत्र चालवायचा. रस्ता मोकळा झाला की हटवलेल्या बर्फाचा बांध लोकांच्या दारात पडायचाच. एकट्या राहणाऱ्या चिबाआजी रोज सकाळी लाल फावडं उगारून ओरडायच्या, “मेल्या, हा काढणार कोण?” “खाजगी अंगणात यंत्राचं पातं उतरवता येत नाही, आजी. नियम आहे.” आज मात्र फावडं भिंतीला टेकलेलंच दिसलं. नारुमीनं बांध ओलांडून हाक मारली. आतून कण्हणं ऐकू आलं. त्यानं रेडिओवर रुग्णवाहिका मागितली. “येतेय. पातं वर ठेवून पुढे हो,” खात्यातले साहेब रेडिओवरून म्हणाले. “स्ट्रेचर काय बांधावरून उडत येणार? मी घातलाय, मीच काढतो.” त्यानं पातं उंबऱ्यापर्यंत नेलं आणि तो आत धावला. स्वयंपाकघरात पाय मोडून पडलेल्या आजी पुटपुटल्या, “आजही घातलास ना बांध?” “नाही, आजी. आज काढला.” “म्हणजे काढता येतो तर, मेल्या!”